माणिकबागेतलं न बांधलेलं ध्यानमंदिर: साधना की श्रीमंतांची हौस?

घासकागद (इंदूर)

मंडळी, गेल्या रविवारी आमच्या रामबागेतल्या कट्ट्यावर एक वाद अर्धवट राहिला, तो इथे पुढे न्यावा म्हणतो. एक गृहस्थ ठामपणे म्हणाले की, युरोपातल्या आधुनिक कलावंतांचं पूर्वेकडचं अध्यात्म म्हणजे निव्वळ हौस. ध्यान, बुद्ध, शून्य हे शब्द त्यांनी अत्तराच्या फायासारखे कानात खोचले, आत काही उतरलं नाही. मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण आपल्याच गावात आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शिल्पकार कोन्स्तांतिन ब्रांकुशी 1876 साली रुमानियातल्या होबित्सा नावाच्या खेड्यात जन्मला, आयुष्य गेलं पॅरिसमध्ये. आपले दुसरे यशवंतराव होळकर यांनी त्याच्याकडून 'अवकाशातला पक्षी' ह्या मालिकेतली तीन शिल्पं घेतली. एक झिलई केलेल्या ब्राँझचं, एक काळ्या संगमरवराचं, एक पांढऱ्या. ह्या तिघांसाठी इंदुरात ध्यानमंदिर बांधायचं ठरलं. कल्पना अशी होती: भिंतींना दार-खिडकी नाही, आत जायचं ते जमिनीखालच्या वाटेनं. मध्ये पाण्याचं चौकोनी कुंड, त्याभोवती तीन पक्षी. छताला एक झरोका, त्यातून माध्यान्हीचं ऊन सोनेरी पक्ष्यावर पडणार. आणि आत एका वेळी एकच माणूस.

यशवंतरावांच्या महाराणी संयोगिताराजे 1937 मध्ये वारल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रांकुशी इंदूरला आला आणि 1938 च्या जानेवारीत परत गेला. मंदिराचा एक दगडही बसला नाही. पुढे पक्षीही गेले. ब्राँझचा आज अमेरिकेत पॅसाडिना इथल्या नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे, काळा आणि पांढरा ऑस्ट्रेलियात, कॅनबेराला. मंदिरासाठीच म्हणून योजलेलं असावं असं एक लाकडी शिल्पही आहे, ओकचं, तीन मीटर उंच. त्याचं आधीचं नाव होतं 'बुद्धाचा आत्मा'. ते न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात उभं आहे. आणि एकार्ट मुथेझियस ह्या जर्मन वास्तुकारानं बांधलेल्या माणिकबाग महालात आता केंद्रीय कराचं कार्यालय आहे.

आता माझा मुद्दा. मी आयटीआयमध्ये तीस वर्षं फिटिंग शिकवलं. चित्रशिल्पातलं मला पुस्तकी काही कळत नाही, पण धातू घासणं कळतं. ब्रांकुशी आपल्या ब्राँझला स्वतःच्या हातानं झिलई द्यायचा, आणि त्यात त्याचे दिवसच्या दिवस जायचे. हे वाचलं तेव्हा मी जागेवरून उठलोच.

ज्यांनी हे काम केलं नाही त्यांना सांगतो. आधी मोठी कानस, मग बारीक. मग पॉलिश पेपर: शंभर नंबर, दोनशे वीस, चारशे, सहाशे, हजार. दर वेळी कागद बदलला की घासायची दिशा काटकोनात फिरवायची, म्हणजे आधीच्या रेघा मोडल्या की नाहीत ते दिसतं. एखादी खोल रेघ राहून गेली तर सहाशे नंबरापर्यंत ती दडून बसते आणि हजारला एकदम डोळ्यांत भरते. मग दोन पायऱ्या मागे. सपाट पट्टीवर हे असं, तर वळणदार पृष्ठभागावर विचारू नका. बोटाचा दाब जरा जास्त पडला की खळगा. तो डोळ्याला दिसत नाही, पण पडछाया तिथे वाकडी होते. खिडकीची उभी चौकट वाकली की समजायचं, हात चुकला.

हे काम करताना मनात दुसरं काही चालत नाही. चाललं तर खळगा पडतो. मी वर्गात पोरांना कधी 'ध्यान' हा शब्द सांगितला नाही, पण जे काय शिकवत होतो ते तेच होतं.

मिलारेपा ह्या तिबेटी योग्याच्या चरित्राचं फ्रेंच भाषांतर ब्रांकुशीनं वर्षानुवर्षं जवळ बाळगलं. त्या चरित्रात गुरू मार्पा शिष्याला दगडी मनोरा बांधायला लावतो, पुरा होत आला की म्हणतो, पाड. पुन्हा बांध, पुन्हा पाड. ही गोष्ट नुसती शोभेची वाटणारा माणूस एक पक्षी तेवीस सालापासून पुढची कित्येक वर्षं पुन्हा पुन्हा करत बसला असता का? पंख गेले, चोच गेली, पाय गेले, उरली एक झेप. पूर्वेकडच्या अध्यात्माचा त्याच्या कलेवर परिणाम आहे की नाही हे मला बुद्धाच्या मूर्तीत शोधावं लागत नाही, ते त्याच्या हातात आहे.

तुमचं मत सांगा. विरोधी असेल तरी मोकळेपणानं.

---

मिलवाल्याचा_नातू (इंदूर, परदेशीपुरा)

काका, झिलईबद्दल तुम्ही लिहिलंत ते दोनदा वाचलं. पण मला तुमच्या मुद्द्याशी भांडायचं आहे.

माझे आजोबा इथल्या एका कापड गिरणीत विणकाम खात्यात होते. साल तेच, तिशीतलं. पाळी सुटल्यावर कानात मागाचा आवाज रात्रभर राहायचा असं आजी सांगायची. त्याच गावात एका वातानुकूलित महालात तीन पक्षी होते, आणि त्यांच्यासाठी एका माणसापुरतं मंदिर बांधायचं घाटत होतं. एका माणसापुरतं! तुम्हाला त्यात एकांत दिसतो, मला कुलूप दिसतं.

होळकरांच्याच घराण्याचं उदाहरण घेऊ. अहिल्याबाईंनी 1780 मध्ये काशी विश्वेश्वराचं मंदिर उभं केलं, महेश्वरला घाट बांधले, देशभर विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रं. तिथे कोण जातं? जो येईल तो. घाटाच्या पायरीवर धुणं धुणारी बाई आणि संध्या करणारा भटजी एकाच पाण्यात. आमच्याकडे अध्यात्म म्हणतात ते हे. त्यांच्याच गादीवरच्या राजानं दार नसलेलं मंदिर योजावं, ह्यात पूर्व कुठे आहे? त्यात पॅरिस आहे. ऑक्सफर्डला शिकलेला राजा, जर्मन वास्तुकार, रुमानियन शिल्पकार, मध्यस्थी करणारा आंरी-पिएर रोशे फ्रेंच. आणि मंदिर कुणाचं? म्हणे भारतीय!

दुसरं. त्याच काळात ह्याच गावात देवळालीकर मास्तरांची चित्रशाळा चालू होती. 1927 पासून. बेंद्रे तिथले, हुसेन तिथले, डी. जे. जोशी तिथले, चिंचाळकर गुरुजी तिथले. शहरातली पोरं सायकलवर कागद बांधून राजवाड्यापाशी, छत्रीबागेत, खान नदीच्या काठावर जाऊन जलरंगात ऊन पकडत होती. माणिकबागेतले पक्षी त्यांतल्या कितींना पाहायला मिळाले असतील? ज्या गावात शिल्प आहे त्या गावातल्या चित्रकाराला ते दिसणार नसेल तर त्याचं अध्यात्म कुणाच्या उपयोगाचं?

तिसरं आणि महत्त्वाचं. ह्या सगळ्या युरोपीय मंडळींची 'पूर्व' आली कुठून? थिऑसॉफीतून. ही संस्था 1875 मध्ये स्थापन झाली ती न्यूयॉर्कमध्ये. तिच्या संस्थापकांतल्या मॅडम ब्लाव्हाट्स्कींना अदृश्य महात्म्यांची पत्रं येत म्हणे, आणि 1885 मध्ये चौकशी अहवालानं ती बनावट ठरवली. उपनिषदं, बौद्ध विचार, इजिप्त, भुताखेतांना बोलावणं, सगळं एका पातेल्यात. चित्रकार माँद्रियान 1909 मध्ये त्या संस्थेचा सभासद झाला. चित्रकार कांडिन्स्कीनं 1911 मध्ये कलेतल्या अध्यात्मावर पुस्तक छापलं त्यात तिचा आदरानं उल्लेख आहे. चित्रं थोर असतील, मी नाही म्हणत नाही. पण तिला 'पूर्वेकडचं अध्यात्म' म्हणणं म्हणजे चायनीज भेळेला चीनचं जेवण म्हणण्यासारखं आहे.

---

रेघोट्या (वडोदरा, माहेर इंदूर)

नातूभाऊ, चायनीज भेळ हा शब्द मला लागला, कारण त्यात अर्धं खरं आहे. पण उरलेलं अर्धं मला मांडू द्या. मी चित्रकला शिकले आहे आणि ह्या प्रश्नानं मला विद्यार्थिदशेपासून छळलं आहे.

थिऑसॉफी हा काला होता, मान्य. पण त्या काल्यानं चित्रकारांना नेमकं दिलं काय, ते बघा. 1905 च्या सुमारास ॲनी बेझंट आणि लेडबीटर ह्या थिऑसॉफीवाल्यांनी विचारांना आकार आणि रंग असतात असं मांडणारं एक सचित्र पुस्तक काढलं. राग असा दिसतो, भक्ती अशी दिसते, संगीताचा ढग चर्चच्या वर असा उठतो. ते खरं की खोटं हा प्रश्न वेगळा. ज्या चित्रकाराला तोवर सफरचंद, बाई, डोंगर ह्यांवाचून कुंचला उचलता येत नव्हता, त्याला पहिल्यांदा परवानगी मिळाली की, जे डोळ्याला दिसत नाही तेही चितारायला हरकत नाही. परवानगी कुणी दिली ह्यापेक्षा तिचं पुढे काय केलं हे मला मोठं वाटतं.

आणि ह्यात एक बाई होती, तिचं नाव कुणी घेत नाही म्हणून मी घेते. स्वीडनची हिल्मा आफ क्लिंट. 1906 ते 1915 ह्या काळात तिनं 193 चित्रं केली, एका मंदिरासाठी. कांडिन्स्कीच्या आधी सुरुवात केली. आपण गेल्यावर वीस वर्षं ती कुणाला दाखवू नका असं सांगून ठेवलं. 1944 मध्ये ती गेली. गुगेनहाइमनं 2018 मध्ये तिचं मोठं प्रदर्शन भरवलं तेव्हा जगाला धक्का बसला. तिचं ते मंदिरही बांधलं गेलं नाही. घासकागदकाका, तुमच्या इंदूरच्या मंदिराला एक जुळी बहीण आहे बघा.

मात्र तुमच्याशीही माझं एक भांडण आहे. सगळं 'हातात आहे' असं म्हटलं की बोलणंच संपतं. मग घड्याळजी, सोनार, बफिंगवाला, सगळेच ब्रांकुशी. ते तसे नाहीत, कारण कुठे थांबायचं आणि काय काढून टाकायचं हे हात ठरवत नाही. ते ठरवायला डोक्यात एक विचार लागतो, आणि तो विचार त्यानं मिलारेपाकडून घेतला की आपल्या खेड्यातल्या सुतारकामातून, ह्यावर मी वर्षभर वाद घालू शकेन. रुमानियातल्या लाकडी घरांचे खांब पाहिलेत का? त्याच्या 'अनंत स्तंभ' ह्या शिल्पाचे शंकरपाळ्यासारखे तुकडे तिथून आलेत. तो स्तंभ त्यानं उभा केला 1938 मध्ये, इंदूरहून परतल्यावर त्याच वर्षी, स्वतःच्या मुलखात, तिर्गु-जिउ गावात. हा पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मारकाचा भाग, आणि उघड्या मैदानात, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकासाठी. नातूभाऊ, हे तुमच्या बाजूनं जमा करा.

---

भूगोलवाली_मावशी (इंदूर, टिळकनगर)

मला कलेतलं कळत नाही, पण त्या झरोक्याबद्दल सांगावंसं वाटलं. माध्यान्हीचं ऊन छताच्या भोकातून थेट खाली पडायचं तर सूर्य डोक्यावर लागतो. पॅरिसमध्ये तो कधीच येत नाही. दिल्लीतही येत नाही. कर्कवृत्त उज्जैनच्या जवळून जातं आणि इंदूर त्याच्या जरासं दक्षिणेला, पावणेतेवीस अंशांवर. म्हणून इंदुरात सूर्य वर्षातून दोनदा बरोबर माथ्यावर येतो, जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा उभ्या काठीची सावली नाहीशी होते. शाळेत मी दर वर्षी मुलांना पटांगणात उभं करून दाखवायची.

त्या शिल्पकाराला हे ठाऊक होतं की नव्हतं ह्यात मी पडत नाही. पण त्याची कल्पना पॅरिसमध्ये जमलीच नसती, ती इथेच जमली असती. एवढं तरी त्या मंदिरात आपलं होतं.

---

मिलवाल्याचा_नातू

मावशी, हे मला माहीत नव्हतं. मनापासून आभार. तरी ऊन कुणाच्या मालकीचं नसतं, छत मात्र असतं.

---

घासकागद

नातूभाऊ, तुमच्या आजोबांच्या मागाचा आवाज मला ऐकू आला. माझे वडीलही कामगारच. त्यामुळे पैशाच्या बाजूचं उत्तर मी देणार नाही, त्याला उत्तर नाही.

पण 'एका माणसापुरतं' ह्यावर थोडं बोलतो. अहिल्याबाईंच्या घाटाबद्दल तुम्ही म्हणालात ते सोळा आणे खरं. मात्र आपल्या परंपरेत घाट आहे तशी गुहाही आहे. तुकोबा देहूच्या देवळात कीर्तनाला उभे राहायचे आणि तेच तुकोबा भामनाथाच्या, भंडाऱ्याच्या डोंगरावर एकटे जाऊन बसायचे. कीर्तनाला गाव लागतं आणि डोंगराला एकटाच माणूस लागतो. कुठलंही जुनं शिवालय घ्या, गाभाऱ्यात जायला वाकावं लागतं, आत अंधार असतो, एक-दोन माणसं कशीबशी मावतात. दगडी सभामंडपातलं ऊन मागे टाकून आत शिरताना डोळ्यांना काही दिसत नाही, मग हळूहळू पिंडी दिसायला लागते. जमिनीखालून आत जायचं आणि मग वरून प्रकाश, ही त्या परदेशी माणसाची लहर नव्हे. ओंकारेश्वरला गेलेल्या कुठल्याही माळवी माणसाच्या अंगवळणी पडलेली गोष्ट आहे ती.

रेघोट्याताई, तुमचा मुद्दा मानतो. हातालाच सगळं श्रेय दिलं हे चुकलं. पण घड्याळजीबद्दल तुम्ही इतक्या झटकन बोलू नका. मी असे दोन-तीन कारागीर पाहिलेत की ज्यांना कुठे थांबायचं हे कळत होतं. त्यांना कुणी विचारलं नाही, एवढंच.

---

निर्गुणी (देवास)

मंडळी, सगळा वाद माणिकबागेच्या फाटकाशी अडकला आहे. मी पस्तीस किलोमीटरवरून एक दुसरं दार दाखवतो.

नव्या वाटेची कला आणि जुनी साधना ह्यांची गाठ माळव्यात खरोखर कुठे पडली? देवासला, टेकडीच्या पायथ्याशी. कुमार गंधर्व क्षयानं आजारी होऊन 1948 च्या सुमारास इथे आले. गाणं बंद. वर्षानुवर्षं अंथरुणावर. कानावर येत होतं ते रस्त्यावरचं, शेतातलं, बायकांचं, आणि दारावरून जाणाऱ्या नाथपंथी जोग्यांचं. बरे झाल्यावर त्यांनी जे गायला सुरुवात केली त्यानं पुण्या-मुंबईचे जाणते बिथरले. घराण्याची चौकट मोडली, लोकधुनांतून नवे राग काढले, आणि कबीराची निर्गुणी भजनं बैठकीत आणली. तीही गोड करून नव्हे. जोग्याच्या आवाजातला तो फेकलेला, मागे कुणी नसलेला, रिकामा सूर तसाच ठेवून.

इथे थिऑसॉफी नाही, पॅरिस नाही, मध्यस्थ नाही. इथे जोगी स्वतः दारात आला होता आणि गवयानं त्याच्याकडून घेतलं. त्यामुळे नातूभाऊंच्या बाजूनं मी म्हणेन की पूर्वेचं अध्यात्म आधुनिक कलेत यायला पूर्वेचा जिवंत माणूस समोर लागतो. ब्रांकुशीकडे पुस्तक होतं. कुमारांकडे माणूस होता. फरक कानाला कळतो.

आणि परदेशातही जिथे माणूस भेटला तिथे काम वेगळं झालंय. 1946 मध्ये अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या, तिथे त्यांनी जॉन केज ह्या संगीतकाराला आपलं संगीत शिकवलं आणि त्याच्याकडून पाश्चात्त्य संगीतरचना शिकून घेतली. देवाणघेवाण, फी नाही. संगीत कशासाठी, असं त्यानं विचारलं तेव्हा त्यांनी आपल्या गुरूंचं सांगणं सांगितलं: मन शांत व्हावं, म्हणजे त्याला दैवी स्पर्श होऊ शकेल. केज हे आयुष्यभर सांगत राहिला. निघताना त्यांनी त्याला रामकृष्ण परमहंसांच्या संवादांचा ग्रंथ दिला. पुढे 1952 मध्ये त्यानं वादकानं एकही स्वर न वाजवता बसायचं अशी साडेचार मिनिटांची रचना केली. तिला कुणी थट्टा म्हणो, मला ती त्या एका वाक्याचं उत्तर वाटते.

---

रेघोट्या

निर्गुणीदादा, केजच्या मामल्यात झेनचा, म्हणजे जपानी बौद्ध ध्यानपंथाचा, वाटाही मोठा आहे, डी. टी. सुझुकींची व्याख्यानं तो न्यूयॉर्कमध्ये ऐकत होता. पण 'समोर माणूस लागतो' ह्याला मी जोर देते, कारण मराठी चित्रकलेत त्याचं सर्वांत मोठं उदाहरण आहे: वासुदेव गायतोंडे. 1924 मध्ये नागपुरात जन्म, 1948 मध्ये जे. जे.चा पदविकाधर. रमण महर्षी, कृष्णमूर्ती, झेन हे सगळं त्यांनी वाचलंच, पण मुंबईत निसर्गदत्त महाराजांकडेही ते ओढले गेले. निसर्गदत्त म्हणजे खेतवाडीतल्या माडीवर बसून मराठीत बोलणारे, विड्यांचं दुकान चालवलेले गृहस्थ. पुस्तकातला हिमालयवासी महात्मा नव्हे.

गायतोंड्यांचं चित्र मी पहिल्यांदा दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात पाहिलं. आधी वाटलं, रिकामं आहे. पिवळट-करडा रंग आणि मध्ये थोडी हालचाल. मग बाकावर बसले. दहा-पंधरा मिनिटांनी रंगाच्या खालचा रंग दिसायला लागला. त्याखाली आणखी एक. ते रोलरनं रंग चढवायचे, सुरीनं खरवडायचे, पुन्हा चढवायचे, आणि वर्षाला मोजकीच चित्रं करायचे. त्यांत ना ओम् आहे, ना त्रिकोण, ना चक्र. ह्याच काळात तांत्रिक चिन्हांची लाट आली होती. लंडनच्या हेवर्ड गॅलरीत 1971 मध्ये तंत्रकलेचं मोठं प्रदर्शन झालं, आणि मग इकडेही पुष्कळांनी तांत्रिक यंत्रांच्या आकृत्या रंगवल्या. त्यांतली बरीच आज पाहवत नाहीत. चिन्ह रंगवलं म्हणजे साधना उतरली असं होत नाही. नातूभाऊंचा राग खरं तर ह्या लाटेवर हवा, तिचे कलावंत आपलेच आहेत.

---

मिलवाल्याचा_नातू

ताई, त्या लाटेवरही राग आहेच! विकायला काढलेली आध्यात्मिकता परदेशी असो की देशी, मला सारखीच. तिला गिऱ्हाईक परदेशी लागतं हे त्यातलं दुखणं.

पण गायतोंड्यांबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्यानं माझाच मुद्दा पक्का झाला. तुम्ही दिल्लीच्या सरकारी संग्रहालयात तिकीट काढून आत गेलात आणि बाकावर बसलात. तुमच्या शेजारी कुणीही येऊन बसू शकलं असतं. चित्राला एकांत लागतो हे मी नाकारत नाही, पण तो एकांत सगळ्यांना मिळायला हवा.

इंदुरात अशी एक जागा आहे. तुम्हाला हसू येईल, पण मी पूर्ण गांभीर्यानं सांगतो. अनंत चतुर्दशीची रात्र. गिरणी कामगारांनी सुरू केलेल्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे. गिरण्या बंद पडल्या, झांक्या बंद पडल्या नाहीत. आजोबा महिनाभर त्यांत राबायचे. बांबू, ताग, लुगदी, बल्ब. मोटार लावून गरुडाचे पंख हलवायचे. तो गरुड पहाटे तीन वाजता राजवाड्यासमोरून जायचा तेव्हा लाखभर माणसं एकदम गप्प व्हायची. हा पण अवकाशातला पक्षीच ना? त्याला पंख होते, चोच होती, सगळं होतं, आणि तरी माणसं गप्प व्हायची.

---

नर्मदातीर (खरगोन)

मी वाचत होतो, आता बोलतो. नर्मदेच्या काठावर आमच्याकडे बकावाँ नावाचं गाव आहे. नर्मदेचे दगड घासून शिवलिंगं करणं हा तिथला घरोघरचा धंदा. मी तिथे एका ओसरीवर दुपारभर बसलो आहे. आता चाकं विजेवर फिरतात, पाण्याची धार सोडतात, पांढरा चिखल उडतो. पण शेवटची तपासणी हातानंच. त्या माणसानं डोळे मिटले आणि अंगठा दगडावरून फिरवला. एका जागी अंगठा थांबला. म्हणाला, 'इथे पाणी अडतंय.' पाणी तिथे नव्हतंच, दगड कोरडा होता. अभिषेकाची धार तिथे अडेल, असं त्याला म्हणायचं होतं.

ब्रांकुशीनं अंड्याच्या आकाराचं एक संगमरवरी शिल्प केलंय, त्याला 'आंधळ्यांसाठी शिल्प' असं नाव आहे. फोटो पाहिला तेव्हा मला बकावाँ आठवलं. त्यानं आमच्याकडून घेतलं असं मी म्हणत नाही. मला एवढंच वाटतं की ज्यानं तसला दगड केला तो ह्या ओसरीवर बसला असता तर भाषा नसतानाही दोघांचं जमलं असतं. आणि नातूभाऊ, हे लिंग लाख माणसांच्या देव्हाऱ्यात जातं आणि प्रत्येक घरी ते एकट्याचंच असतं.

---

घासकागद

नर्मदातीर, 'इथे पाणी अडतंय' हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं.

नातूभाऊ, गरुडाचं मान्य, मीही त्या गर्दीत उभा असायचो. हसू मुळीच आलं नाही. पण एक गोष्ट सांगतो. 1926 मध्ये ब्रांकुशीचा एक ब्राँझ पक्षी अमेरिकेत उतरला तेव्हा तिथल्या जकातवाल्यांनी त्याला कलाकृती मानायला नकार दिला. पंख नाहीत, चोच नाही, पक्षी कसला? धातूची वस्तू म्हणून चाळीस टक्के कर लावला. खटला चालला आणि 1928 मध्ये न्यायालयानं सांगितलं की, ही कलाच आहे. म्हणजे पंख-चोच काढून टाकणं हे तेव्हा फुकटात मिळत नव्हतं, त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. हौशी माणूस तिथेच दोन पंख चिकटवून मोकळा झाला असता. ह्याच जागी मी त्याच्या बाजूनं उभा आहे आणि राहीन. ते मंदिर सगळ्यांसाठी असायला हवं होतं, ह्यात मात्र मी तुमच्या बाजूनं.

---

मिलवाल्याचा_नातू

मी माझ्या जागेवरून हललेलो नाही काका. बांधलं असतं तर आज त्याच्या फाटकावर पहारेकरी असता, आणि मी बाहेर.

मावशी, एक विचारायचं होतं. ते सावली नाहीशी होण्याचं आमच्या गच्चीवरून दिसेल का? आजोबांची एक लाकडी बॉबिन घरात आहे, वीतभर उंचीची, हातात फिरून फिरून गुळगुळीत झालेली. ती उभी करून बघावं म्हणतो. बरोबर बारा वाजता ना?

---

भूगोलवाली_मावशी

बारा वाजता नाही रे. आपलं घड्याळ अलाहाबादजवळच्या रेखावृत्तावर चालतं, इंदूर त्याच्या बरंच पश्चिमेला आहे. सूर्य आपल्या माथ्यावर येतो तो बारा पंचवीसच्या सुमाराला. सव्वाबारालाच वर जा. जूनचाच दिवस धर, सहा तारखेच्या आसपासचा. जुलैत ढग असतात.

गच्चीला उतार असतो, म्हणून आधी ताटात पाणी घालून सपाट जागा शोध. बॉबिन ओळंब्याच्या दोरीनं सरळ उभी कर. तिची बैठक अरुंद असेल तर कणकेचा गोळा लाव, पण पसरू देऊ नकोस, नाहीतर सावली त्यात लपेल. आणि टोपी घालून जा.

---